धाकूने बुजवलेली भोकं

एका बेटावर एक भोळा टाकीवाला होता. त्याचं नाव धाकू. चारी बाजूंना समुद्र, आणि पिण्याचं पाणी एका टाकीत. देवळाच्या छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून नळीत आणि नळीतून टाकीत, एवढीच काय ती सोय. टाकी राखायचं काम सरपंच अनसूयाकाकींनी धाकूला दिलं होतं, कारण तो सांगितलेलं सगळं ऐकायचा. तिथेच तर घोळ होता!

एकदा रेडिओवर हवामानाचा अंदाज आला. पाऊस लांबणार. काकी तडक टाकीपाशी आल्या. टाकी आटली तर पाणी पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने आणायचं.

त्या म्हणाल्या, "धाकू, एक थेंब फुकट घालवू नको. पडतो थेंब दिसलो की खाली भांडा धर."

"धरतंय, काकी."

दुसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. पाठवणीच्या वेळी नवरीची आई ढसाढसा रडू लागली. धाकू धावत गेला आणि तिच्या हनुवटीखाली तांब्या धरून उभा राहिला. वर म्हणतो कसा, "जरा वाकून रड गे, बाहेर सांडता!"

वऱ्हाड हसून लोळलं. काकींनी त्याला कानाला धरून बाजूला नेलं. "मेल्या, रडणाऱ्याक तांब्यो लावतत? पाठीवरसून हात फिरवूचो, 'रडा नको, सगळा बरा होतला' म्हणाचा."

"म्हणतंय, काकी."

चार दिवसांनी टाकीच्या कोपऱ्याला चीर गेली. पाणी टपटप गळू लागलं. धाकूला फार वाईट वाटलं. तो भिंतीला टेकून बसला आणि दुपारभर तिच्यावरून मायेने हात फिरवत राहिला. "रडा नको गो, सगळा बरा होतला." संध्याकाळी काकी आल्या तेव्हा टाकी निम्मी झाली होती, आणि धाकूचेही डोळे भरून आले होते.

काकींनी कपाळावर हात मारला. "मेल्या, पाणी येताना दिसला की हात फिरवतत? भोकात गोणपाट कोंबूचा आणि वर शिमीट थापूचा!"

"थापतंय, काकी."

आणि त्याने चीर खरंच छान बुजवली. काकींनी त्याला शाबासकीसुद्धा दिली. उरलेलं शिमीट त्याने जपून ठेवलं.

मग नवा अंदाज आला. शुक्रवारी एकच जोराची सर, पुढे महिनाभर कोरडं. सगळं बेट कामाला लागलं. बायकांनी देवळाचं छप्पर झाडलं, पोरांनी पन्हळ धुतली. शुक्रवारी आभाळ भरून आलं, तसे सगळे होड्या वर ओढायला किनाऱ्याकडे धावले. टाकीपाशी एकटा धाकू.

अंदाज तंतोतंत खरा ठरला. सर कोसळली. होड्या बांधून काकी भिजत, हसत टाकीकडे आल्या आणि आत डोकावल्या. टाकीत नवा थेंब नाही. नळीचं तोंड शिमिटाने गच्च. छपरावरचं पाणी पन्हळीवरून उड्या मारत थेट समुद्रात चाललेलं.

"धाकू!" काकी किंचाळल्या.

"हय आसंय, काकी!" आवाज वरून आला. धाकू देवळाच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर, एका हातात थापी, काखेत गोणपाट. आनंदाने तो ओरडला,

"टाकीत पाणी गळत होता, ता भोक बुजवलंय! आता आभाळाचा तेवढा रवला. ह्याच्यापेक्षा मोठी शिडी आसा काय गे?"