अक्काची अंगाई

फार मागे, यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. तात्या रेग्यांच्या दिवाणखान्यात तीन रेकॉर्ड प्लेअर होते. एकाची चकती पट्ट्याने फिरे, दुसऱ्याची रबरी चाकाने, तिसऱ्याची थेट मोटरने. तात्या बाहेर पडले की खरा सूर कुणाचा, म्हणजे कुणाचा वेग अचूक, यावरून तिघांची जुंपायची. निवाड्याला ते एकच रेकॉर्ड लावत. तिच्यात तात्यांच्या वारलेल्या अक्काची अंगाई होती. दुसरी प्रत नव्हती.

“बाबांनो, दर खेपेला सुई मला खरवडते,” रेकॉर्ड कळवळून म्हणे.

“थांब गं, आता निकाल लागेलच,” तिघेही म्हणत.

एका संध्याकाळी तात्यांनी ती रेकॉर्ड पट्ट्याच्या प्लेअरवर लावली आणि डोळे मिटले. “अक्का, गा गं.”

रेकॉर्डने सगळा जीव एकवटला. नुसती खरखर आली.

वेग मात्र तंतोतंत होता.