सातव्या पायरीचं पाणी

एका राज्यात, जिथे करकोचे धुराड्यांवर घरटी बांधतात आणि हिवाळ्यात नदी गोठून जाते, तिथे एक तटबंदीचं नगर होतं. पाणी म्हणाल तर तिथे काही कमी नव्हतं. नदी भरलेली, विहिरी भरलेल्या, राजवाड्यापुढे तीन कारंजी. पण ऐका मंडळी, त्या नगरात कुणाची तहान म्हणून भागत नसे. घागर तोंडाला लावा आणि रिकामी करा, घसा आपला कोरडाच. लेकरं पाणी पिऊन रडत, म्हातारे पाणी पिऊन उसासे टाकत, आणि राजा ओडोबर्ट, जो तिथेच जन्मला, त्याला तर तहान नसणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

हे असं का झालं? सत्तर वर्षांपूर्वी त्या नगरात ज्यूंची एक गल्ली होती. गल्लीत त्यांचं प्रार्थनागृह, पावाची भट्टी, आणि जमिनीखाली खोल पायऱ्या उतरून गेलं की एक कुंड. त्यात त्यांच्या बायका स्नानाला उतरत. त्या कुंडाचा नियम मोठा कडक. पाणी आपलं आपण यायला हवं, झऱ्यातून, झिरपत. माणसाने घागरीने आणून ओतलं की कुंड बाटलं, संपलं.

राटोल्ड नावाचा एक मांत्रिक होता. तो ओडोबर्टच्या आजोबाला म्हणाला, "महाराज, त्या कुंडाखाली खजिना आहे." झालं! आजोबांचे डोळे फिरले. त्यांनी एका सकाळी सगळी गल्ली नगराबाहेर हाकलली. झऱ्याचं पाणी खणणाऱ्यांच्या आड येऊ नये म्हणून त्याच लोकांच्या दफनभूमीतले नावं कोरलेले दगड उपटून आणले आणि कुंडात लोटले. भोवतीची सगळी जमीन खणली, खजिना काही निघाला नाही. पण झऱ्याचं तोंड बुजलं, आणि त्याच संध्याकाळी नगराला तहान लागली ती कायमची. आजोबा पाणी पिता पिताच मेले.

राटोल्ड मात्र मेला नाही. मांत्रिकांना वयाचं काय! झरा बुजण्याआधी त्याने त्यातलं पाणी एका कुपीत भरून घेतलं होतं. त्यातला एक थेंब जिभेवर पडला की घटकाभर बरं वाटे. जो त्याच्यापुढे वाके त्याला थेंब. नगरात वाकला नाही असा माणूस उरला नव्हता, राजासुद्धा.

आता नदीपलीकडच्या गावात एल्याकीम नावाचा एक ज्यू वैद्य राहत असे. त्याला राजाने बोलावून घेतलं. एल्याकीमने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, "महाराज, रोग तुमच्या अंगात नाही, नगरात आहे. कुंड उघडा." खरं बोलायला वैद्य चुकला नाही, पण जागा चुकला. राटोल्ड राजाच्या कानाशी लागला, आणि शुक्रवारी सूर्यास्ताला वैद्याला बुरुजावरून लोटून द्यायचं ठरलं.

बुधवारी सकाळी दरबारात एक बाई येऊन उभी राहिली. पायांवर चिखल, डोक्याला रुमाल, आणि मान ताठ.

"कोण तू?" राजाने विचारलं.

"वैद्य एल्याकीमची बायको ब्रूना. नवऱ्याला न्यायला आले."

दरबार हसला. ब्रूना हसली नाही.

"न्यायला हरकत नाही," राटोल्ड गोड आवाजात म्हणाला. "तीन कामं कर. आज कुंड शोध. उद्या ते एकटीने रिकामं कर. परवा, सूर्य बुडायच्या आत, खालून सातव्या पायरीपर्यंत भरून दाखव. एक बोट कमी पडलं तर नवरा गेला."

"महाराजांचा शब्द आहे?" ब्रूनाने मांत्रिकाकडे न बघता विचारलं.

"शब्द आहे," राजा म्हणाला, आणि तेवढं बोलून पाणी प्यायला लागला.

तर ब्रूना गल्ली शोधत निघाली. गल्लीला आता पिंपवाल्यांची आळी म्हणत. प्रार्थनागृहाचं गवताचं कोठार झालेलं, सगळी घरं पांढऱ्या चुन्याने सारखी रंगवलेली, आणि कुंड कुठे हे सांगणारं कुणी जिवंत नाही. पण ब्रूनाला, याच गल्लीतून लहानपणी हाकलल्या गेलेल्या तिच्या आजीने, एक खूण सांगून ठेवली होती. ज्यूंच्या घराच्या चौकटीला, आत जाताना उजव्या हाताला, बोटभर लांबीची एक डबी तिरपी बसवलेली असते. तिला म्हणतात मेझुझा. आत पवित्र वचनं लिहिलेली असतात, आणि येणारा-जाणारा तिला हात लावतो. डब्या उपटून टाकल्या, खाचा चुन्याने बुजवल्या, तरी बोटांना कळायचं राहतं थोडंच?

तिने पहिल्या दाराच्या चौकटीवर हात फिरवला. खाच लागली! परवानगी घेऊन ती तळघरात उतरली. पिंपं. दुसरं दार, खाच, तळघर, कांदे. तिसरं दार, खाच, तळघर, पुन्हा पिंपं. असं करता करता उन्हं कलली. तीस दारं झाली, तीसही दारांना खाच, आणि कुंडाचा पत्ता नाही. ब्रूना रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि रडायला लागली.

"कुंड आसवांनी भरायचा विचार असेल तर सोडून दे," वरून आवाज आला. "ओतलेलं पाणी चालत नाही म्हणे तुम्हाला."

कोठाराच्या छपरावर एका पायावर एक म्हातारा करकोचा उभा होता.

"तुला बोलता येतं?"

"सत्तर वर्षं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून गप्प होतो. दिवसभर भिंती काय चाचपतेस?"

"मेझुझाची खूण शोधते आहे. त्यात पवित्र अक्षरं असतात ना. माणूस राहतो, जेवतो, निजतो अशा सगळ्या दारांना आम्ही ती लावतो. जिथे कपडे उतरवतात अशा जागी मात्र..."

ब्रूना बोलता बोलता थांबली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"मात्र काय?" करकोच्याने विचारलं.

"न्हाणीला लावत नाही! अगं बाई, खाच असलेली दारं बघत सगळा दिवस घालवला, आणि शोधायचं होतं खाच नसलेलं!"

ती धावली. गल्लीच्या टोकाला, कोठाराशेजारी, बकऱ्यांचा एक छप्पर उडालेला गोठा होता. त्याच्या चौकटीवर तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. गुळगुळीत. गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी फळ्या होत्या. त्या उचलल्या तर खाली पायऱ्या, आणि पायऱ्यांवर तोंडापर्यंत खच्चून भरलेले दगड. पहिलं काम झालं.

दुसरा दिवस उजाडला. दगड माणसाच्या छातीइतके उंच, चार गड्यांना हलायचे नाहीत असे. मदत करील त्याला थेंब मिळणार नाही अशी राटोल्डची दवंडी, त्यामुळे आळीतले लोक दारात उभे राहून नुसते बघत होते. ब्रूनाने पहिल्या दगडावरची माती पुसली. आजीने शिकवलेली अक्षरं खाली उमटली. तिने ती मोठ्याने वाचली, "पाववाला श्नेऊर." आणि दगड हलका झाला. नुसता हलका नाही, काखेत मारून न्यावा इतका हलका.

तिने तो पूर्वेच्या वेशीबाहेर, जुन्या दफनभूमीत नेऊन उभा केला. तिथे आता राजाच्या मेंढ्या चरत. दगडावर एक लहानसा खडा ठेवला, त्यांच्यात ठेवतात तसा, कुणीतरी येऊन गेलं याची खूण म्हणून. मग परत फिरली. "उरीची लेक मीना." "शिक्षक गम्लीएल." "योखेवेद, बाळंतपणात गेली." नाव घ्यावं, दगड उचलावा, न्यावा, खडा ठेवावा. किती खेपा झाल्या कुणी मोजल्या नाहीत. नावं ऐकता ऐकता आळीतल्या बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतले.

दिवस उतरला तेव्हा तळाशी एकच दगड राहिला, नेमका झऱ्याच्या तोंडावर. ब्रूनाने माती पुसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अक्षरं छिन्नीने फोडून टाकलेली होती.

"राटोल्डने केलं ते," करकोचा गोठ्याच्या दारातून म्हणाला. "मी पाहिलं. याच एका दगडावर त्याने दोन दिवस घाव घातले."

"नाव कुणाचं होतं?"

"मला वाचता कुठे येतं!"

ब्रूनाने दगडाला हात घातला. डोंगर हलेल पण तो हलेना. तिथेच पायरीवर बसून ती दिवसभर वाचलेली नावं मनाशी आठवू लागली. सगळे भेटले होते, आजीच्या गोष्टींतले सगळे. एक तेवढी भेटली नव्हती. आजीची आई. या कुंडाची राखण करणारी बाई, हाकलायच्या वर्षभर आधी वारलेली. आजी म्हणायची, आपल्यात मेलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्याला देतात, म्हणजे नाव मरत नाही. माझ्या आईचं नाव मी सांभाळून ठेवलं होतं, ते तुला दिलं.

ब्रूना उठली. फोडलेल्या अक्षरांवर तिने तळहात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाव दुसऱ्या कुणाचं म्हणून उच्चारलं.

"कुंडाची राखणदार ब्रूना."

दगड उचलला गेला. खालून बारीकसा आवाज आला, आणि तिच्या अनवाणी पायांना गार पाणी लागलं. दुसरं काम झालं, आणि ब्रूना त्या अंधारात एकटीच हसत सुटली.

शुक्रवार. पाणी येत होतं, पण झरा पडला सत्तर वर्षांचा आजारी. दुपारपर्यंत चार पायऱ्या भरल्या. मग पाच. मग सहा. मग गती मंदावली. सगळं नगर गोठ्याभोवती जमलं. राजा पालखीतून आला, राटोल्ड कुपी घेऊन आला. समोरच्या बुरुजावर हात बांधून एल्याकीमला उभा केलेला होता.

"सूर्य किती?" ब्रूनाने खालून हाक दिली.

"दोन हात वर," करकोच्याने कोठाराच्या छपरावरून सांगितलं.

लोकांना राहवेना. दवंडी गेली उडत! पिंपवाले बादल्या भरभरून धावत आले. "सर बाई, एवढंसंच तर राहिलंय, आम्ही ओततो!"

ब्रूना पायऱ्यांवर वाट अडवून उभी राहिली. "एक थेंब ओतायचा नाही! ओतलं की कुंड बाटलं, सगळं फुकट!"

"अगं, नवरा मरतोय तुझा!"

"मला दिसत नाही का!" ती ओरडली, आणि तिचा आवाज फुटला.

राटोल्ड पुढे झाला. "मुली, मीच घालतो या कुपीतलं थोडंसं. याच झऱ्याचं आहे. कोण बघतंय?"

तिची नजर बुरुजाकडे गेली. एल्याकीमचा आवाज वरून आला, कापरा पण स्पष्ट. "ब्रूना, ओतू देऊ नकोस."

"नाही देणार," ती म्हणाली, आणि रुमालाचं टोक तोंडावर धरून रडली. पण जागची हलली नाही.

"सूर्य किती?"

"टेकायला आला."

राटोल्डने वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली. "एक बोट कमी! महाराज, एक बोट!"

ब्रूनाने डोळे पुसले. पाण्याकडे पाहिलं, मग राजाकडे पाहिलं. राजा ओडोबर्ट आयुष्यभर पाणी पिऊन पिऊन चांगला घागरीसारखा फुगलेला होता.

"महाराज," ती म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, मांत्रिकाने नाही. तेव्हा मापही तुम्हीच घ्या. जोडे काढा आणि खाली या."

राजा आला. पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला, आणि गार पाणी पायाला लागताच थांबायचं विसरून छातीपर्यंत आत गेला. त्याने ओंजळ भरली, प्यायला, आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं महाराज?" राटोल्ड घाबरून ओरडला.

"अरे," राजा हळूच म्हणाला, "आणखी नको वाटतंय." आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

"पाणी बघा," ब्रूना म्हणाली.

राजाच्या अंगामुळे पाणी वर चढलं होतं. सातवी पायरी भिजून दोन बोटं पाणी वर आलं होतं.

"हे फसवणं आहे!" राटोल्ड किंचाळला.

"कुणी ओतलं का?" राजाने विचारलं.

"कुणी ओतलं नाही, मी इथूनच बघतोय," करकोच्याने वरून साक्ष दिली.

राटोल्डने कुपी तोंडाला लावली, पण राजाची तहान भागताच तिच्यातलं पाणी आटून गेलेलं. तो पायरीवर कोसळला, आणि बघता बघता सत्तर वर्षांचं वय त्याच्या अंगावर आलं. एक थरथरता म्हातारा उरला, ओठ फुटलेला. ब्रूनाने ओंजळीने त्याला पाणी पाजलं. तहानलेल्याला नाही म्हणायचं नसतं, मग तो कोणी का असेना. त्या दिवसापासून तो नगरात कुणाला दिसला नाही.

"काय हवं ते माग," राजा म्हणाला.

"नवरा. आणि तोही आत्ता. सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो, मग मी कुठलंच काम करत नाही, आणि दिवाही आधीच लावावा लागतो."

एल्याकीमला धावतपळत खाली आणलं. तिने त्याची मनगटं पाहिली, दोर काचलेली, आणि त्यावर हात फिरवत राहिली. "अहो, पाणी प्या आधी," एवढंच म्हणाली. तो प्यायला. तिच्या जिवात जीव आला. एका पिंपवाल्याच्या बायकोने तेल दिलं, दुसरीने पणती, आणि तिरपी खाच असलेल्या एका घराच्या खिडकीत सत्तर वर्षांनी शब्बाथचा दिवा लागला. नगरातल्या सगळ्या लेकरांना त्या संध्याकाळी पाणी पिऊन गाढ झोप लागली.

राजाने गल्ली परत केली, प्रार्थनागृहातलं गवत स्वतः उभं राहून काढवलं, मेंढ्या दुसरीकडे नेल्या. एक एक करत घरं परतली. खाचांमध्ये पुन्हा डब्या बसल्या. गोठ्याच्या दाराला तेवढी बसली नाही.

वर्षभराने ब्रूनाला मुलगी झाली. राजा पाळण्यापाशी आला, सोबत चांदीचा खुळखुळा घेऊन. म्हणाला, "मी सांगू? हिचं नाव ब्रूनाच ठेवा. या नगरात याहून मोठं नाव नाही."

"नाही महाराज," ब्रूना मुलीला थोपटत म्हणाली. "ते नाव इतक्यात मिळायचं नाही. मी अजून वापरते आहे."