फोन नंबर नसलेली पाटी

आई गेल्यावर मुलाने घर विकायचा हट्ट धरला. मुकुंदराव कारखानिसांनी मुकाट्याने फाटकावर पाटी लावली. वर्ष झालं, माणसं येऊन गेली, पण घर काही विकलं जाईना. शेवटी मुलाने धुमाळ नावाचा बडा एजंट पाठवला.

"काका, गिऱ्हाइकाला चहा पाजून वर स्वयंपाकघरातली गळती दाखवता म्हणे!" धुमाळ सोफ्यावर रेलून म्हणाला. "आणि पाटी कसली ती? 'घर विकणे आहे. मालकास भेटावे.' फोन नंबर कुठाय? नंबर टाका, महिन्यात विकून दाखवतो."

"नंबर टाकला, तर लोक फोनच करतील," त्याच्यापुढे चहा ठेवत मुकुंदराव म्हणाले. "पाटीवरचं पहिलं वाक्य मुलासाठी आहे, साहेब. दुसरं माझ्यासाठी."