दाभाबाबाची पांढर

मंडळी, टेकाडावर चढायच्या आधी चपला इथंच काढा. वेळूखेड्याचं काळं रान थेट नदीपर्यंत नांगरलेलं दिसतंय ना? पण हा पांढऱ्या मातीचा उंचवटा, ही जुन्या वस्तीची पांढर, कुणी नांगरत नाही. का, ते सासूबाईंनी मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते.

फार जुनी गोष्ट. लोखंड अजून कुणी पाहिलंही नव्हतं, म्हणे. तेव्हा इथं गोल कुडाच्या झोपड्यांचं गाव होतं. नदी दर पावसाळ्यात काठ सोडून पसरायची आणि ओसरताना गाळ ठेवून जायची. त्या गाळात जव पिकायचा. गावचा प्रमुख होता म्हातारा दाभा. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण होता, साऱ्या गावाचं बियाणं त्यात राहायचं.

मग आभाळ फिरलं. एका सालाचा दुष्काळ नव्हता तो. दाभाच्या आज्यानं पाहिलेला पूर बापाला अर्धाच दिसला, आणि दाभाच्या म्हातारपणी नदी काठावर चढायचीच थांबली. पात्रात नुसते डोह उरले. जव वीतभर वाढून करपायचा. आधी गुरं गेली, मग लेकरं. लेकरू गेलं की दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात निजवायचं आणि घरातच, चुलीशेजारी पुरायचं, अशी त्यांची रीत. दाभाची सून मेळाई, तिनं तीन वर्षांत तीन लेकरं अशी पुरली. धाकटी लेक तेवढी कडेवर राहिली.

शेवटी ठरलं, उरलेली मेंढरं घेऊन गवत दिसेल तिकडं जायचं. मेळाई मात्र चुलीपासून उठेना.

"एवढीएवढीशी आहेत ती," ती म्हणाली. "त्यांना एकटं टाकून कशी येऊ?"

दाभा तिच्याजवळ येऊन बसला. आपल्याच्यानं दोन कोसही चालवायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग म्हणाला, "पोरी, जितं लेकरू तुझ्या कडेवर आहे. पुरलेल्यांपाशी मी बसतो."

त्या गावात मोठं माणूस मेलं की घोट्यातून पाय तोडून पुरायचे, म्हणे. मेलेल्यानं घर सोडून भटकू नये म्हणून. दाभाचा मुलगा खाली बघत म्हणाला, "बाबा, तुझे पाय कोण तोडणार?"

"माझे नकोत तोडायला. मी आपणहून राहतोय."

रांजणाच्या तळाशी मूठभर जव होता, तो त्यानं मेळाईच्या ओटीत घातला. आणि रिकाम्या रांजणात स्वतः उतरून बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

उजाडताना माणसं निघाली. मेळाईनं रांजणावर हात ठेवला. "मामंजी, येते."

आतून आवाज आला, "येते म्हणू नकोस. मग मला वाट बघत बसावं लागेल. जाते म्हण."

तिला ते म्हणवेना. सगळे उतार उतरून गेले तरी ती तिथंच उभी. अखेर कसंबसं म्हणाली आणि मागं न बघता धावत सुटली, असं सांगतात.

तो पुढं किती दिवस जगला, कुणाला ठाऊक नाही. त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही. कित्येक पिढ्यांनी नदी पुन्हा भरली, तेव्हा आमचे पूर्वज आले. ही गोष्ट त्यांना रानातल्या मेंढपाळांनी सांगितली, म्हणे.

आजही आमच्या गावातून पोटासाठी कायमचं निघालेलं माणूस आधी इथं येतं. बाकी साऱ्या मुलखात निघताना 'येतो' म्हणतात. इथं 'जातो' म्हणायचं. गेल्या शिमग्यानंतर माझा थोरला इथं उभा होता. दोनदा तोंड उघडून मिटलं त्यानं. मग म्हणाला.