पाठीवरचा पुरावा

त्या मुलखात बीळ खणायला कोणाची मनाई नव्हती. खणायला माती तेवढी उरली नव्हती. खालचे खोरे हिवाळ्यात गोठून जाई आणि पलीकडच्या उबदार उतारावर पोचायचे तर मधले पठार ओलांडावे लागे. पठार म्हणजे नुसता कातळ. पूर्वी तिथे झाडे होती, माती होती, वाटेवर जुनी बिळे होती आणि ज्याला जिथे अंधार गाठेल त्याने तिथल्या बिळात खुशाल शिरावे असा रिवाज होता. पुढे झाडे गेली, झाडांमागे माती गेली आणि मातीबरोबर रिवाजही वाहून गेला. झाडे कोणी नेली, हे मुलखात कोणी बोलत नसे. एवढे मात्र सगळ्यांनी पाहिले होते की झाडे गेल्यावर लवकरच खोऱ्याच्या तोंडाशी राहुट्यांची एक पेढी उघडली, आणि तिच्या राहुट्यांना लाकूड कधी कमी पडले नाही.

पेढीचा मालक कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दारावर पाटी होती : ‘ऊब आमची, वाट तुमची.’ प्राणी वर्षभर साठवलेली कंदमुळे, दाणे, मध पेढीच्या दारात ओतत आणि राहुटीची वळकटी पाठीवर टाकून पठाराची वाट धरत. दुसरा इलाज नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते, पण ती वापरायला सवड नसते.

खुशाबा साळिंदराला तर त्या वर्षी मुळीच सवड नव्हती. त्याच्या बायकोला, यमूला, उशिरा लेक झाली होती. ठकी तिचे नाव. साळिंदराच्या पिलाचे काटे पहिल्या हिवाळ्यात मऊच राहतात आणि छातीही तशीच कोवळी असते. खोरे गोठण्याआधी ठकीला उबदार उतारावर पोचवले तर ती जगणार होती, नाही तर नाही. पठारावर लांडगे असत, पण लांडग्यांचे खुशाबाला भय नव्हते. पाठ फिरवून काटे उभारले की लांडगा लांबूनच वाट वाकडी करी. भय थंडीचे होते, आणि थंडीला काटे बोचत नाहीत.

म्हणून त्याने सगळी साठवण देऊन राहुटी घेतली. पठारावरच्या पहिल्याच मुक्कामी गारांचा पाऊस आला आणि राहुटीची माथ्यावरची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. दांडी वाकली. यमूने ठकीला पोटाखाली घेतले, खुशाबाने वरून दोघींवर छत धरले, तरी पाणी आत आले. उजाडेपर्यंत ठकीला खोकला लागला होता. तो ऐकवत नव्हता. पुढे जाण्यात अर्थ नव्हता, तेव्हा तिघे परत फिरले.

पेढीच्या मागच्या अंगाला गाऱ्हाण्यांची खिडकी होती. तिथे प्राण्यांची लांबच लांब रांग होती आणि खिडकीत एक मैना बसली होती. तिचा आवाज इतका गोड होता की आपण भांडायला आलोय हे ऐकणाऱ्याने विसरून जावे.

“नमस्कार दादा,” मैना म्हणाली. “तुमची गैरसोय झाली याचं आम्हाला फार वाईट वाटतं.”

खुशाबाला बरे वाटले. त्याने सगळी हकिकत सांगितली. मैनेने राहुटी आतल्या दालनात नेऊन उभी करवली. दालन दगडी होते, कोरडे होते, वाऱ्याची झुळूकही तिथे शिरत नव्हती.

“दादा, बघा. इथे तर गळत नाही.”

“अहो बाई, इथं पाऊस कुठाय?”

“तेच तर आम्ही म्हणतोय,” मैना म्हणाली.

तेव्हा खुशाबाने साळिंदरांच्या रीतीप्रमाणे केले. साळिंदर देवाची शपथ घेत नसत की पोराबाळांची. शब्दावर विश्वास बसावा म्हणून ते पाठीवरचा एक काटा उपटून समोरच्यापुढे ठेवत. काटा उपटताना दुखते आणि दुखणे खोटे नसते, एवढाच त्यामागचा विचार. काटा ठेवला की समोरच्याने पुढे काही विचारायचे नाही. या रीतीवर त्यांच्यात सोयरिकी जमल्या होत्या, पिढ्यांची भांडणे मिटली होती, आणि एका गोष्टीसाठी दुसरा काटा उपटायची वेळ कोणावर आलेली कोणी ऐकले नव्हते. खुशाबाने काटा उपटला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला.

मैनेने काट्याकडे पाहिले. “हा आतमध्ये पाठवते हं, दादा,” ती म्हणाली. “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी खिडकीत वेगळीच मैना होती. तिलाही फार वाईट वाटले. पण काल कोण आले होते, काय बोलले, काय ठेवले, यातले तिला काही माहीत नव्हते. “तुम्ही सुरुवातीपासून सांगा ना, दादा,” ती म्हणाली. खुशाबाने सुरुवातीपासून सांगितले, शेवटी काटा ठेवला. तिसरीलाही वाईट वाटले. चौथीला तर इतके वाईट वाटले की खुशाबालाच तिची समजूत घालावीशी वाटली. ताकास तूर मात्र एकीनेही लागू दिली नाही. रोजचा काटा रोज आत जात होता आणि रोज सकाळी खुशाबा पुन्हा अनोळखी होत होता.

“तुम्ही त्यांना काटा कशाला देता?” यमू म्हणाली. रांगेजवळच्या एका खडकाच्या आडोशाला ती ठकीला घेऊन बसून असे. “त्यांना आपली रीत कळते का?”

“कळत नसली तरी रीत ती रीतच की गं. ठेवलेला काटा मोडवत नाही कुणाला.”

“मोडत नाहीत, तेच तर म्हणते मी. जपून आत नेतात.”

खुशाबाने ते ऐकून सोडून दिले. ज्याला आपल्या शब्दाची किंमत ठाऊक असते, त्याला दुसऱ्याच्या बेफिकिरीवर विश्वास बसायला वेळ लागतो.

रांगेत त्याच्या पुढे बाळोबा नावाचा मेंढा होता. हा बाळोबा एकेकाळी लोकरीचा डोंगर होता. आता बोडका होऊन थंडीने कुडकुडत उभा होता. त्याचीही राहुटी गळली होती.

“मला म्हणाले, गळकी राहुटी नाही, ओल तुझ्या लोकरीनंच धरली,” बाळोबा म्हणाला. “म्हटलं, ठीक. लोकरच उतरवतो. मग तर माझ्यावर बोट ठेवणार नाहीत ना?”

“मग? दिली नवी?”

“देतील की. पुरावा आता माझ्या बाजूनं आहे.” आणि तो इतक्या जोरात शिंकला की त्याचे पाय डगमगले.

खुशाबाला त्याची कीव आली. आपली तशी गत होणार नाही, असेही मनात येऊन गेले. ते कोणाच्या मनात येत नाही?

अखेर त्याला आत बोलावणे आले. आत मोठ्या दगडी ओट्यावर तपासनीस घोरपड पसरली होती. तिने एकदा पकडलेली गोष्ट सुटत नाही अशी तिची ख्याती होती, आणि पेढीने तिला सोडायचे असे काही शिकवलेच नव्हते. तिने राहुटीची उसवलेली शिवण पाहिली, मग खुशाबाभोवती एक सावकाश फेरी मारली.

“पाठ काटेरी आहे,” ती म्हणाली.

“साळिंदर आहे मी. काटेरीच असणार.”

“काटेरी पाठीवर शिवण उसवली तर पेढी जबाबदार नाही.”

“शिवण माथ्यावरची आहे, ताई. माझी पाठ तिथवर पोचतच नाही.”

“छत धरलं होतं ना?”

“उसवल्यावर धरलं. लेक भिजत होती.”

“म्हणजे पाठ पोचते,” घोरपड म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खुशाबाने काटा उपटून तिच्यापुढे ठेवला. घोरपडीने काटा नाकाशी धरला, बोटाने वाकवून पाहिला. तो वाकला नाही.

“एकानं काय होतं?” ती म्हणाली. “उरलेल्यांनी फाडली असेल. पाठ मोकळी असती तर गोष्ट वेगळी होती. पाठ मोकळी असेल त्याला आम्ही नाही म्हणत नाही.”

खुशाबा बाहेर आला तेव्हा खोऱ्यातल्या ओढ्यावर बर्फाची साय धरू लागली होती. ठकीचा खोकला आता कोरडा झाला होता आणि खोकून झाल्यावर ती बराच वेळ गप्प पडून राही. त्याने यमूला घोरपडीचे म्हणणे सांगितले.

“नाही,” यमू म्हणाली. “सरळ नाही म्हणून सांगा. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय हे.”

“राहुटीशिवाय पोर पठार ओलांडेल?”

यमूने ठकीला आणखी जवळ ओढले.

“काटे परत उगवतात,” तो म्हणाला.

“हिवाळ्यानंतर उगवतात. आणि हे बघा, मी माझ्या पाठीला हात लावू देणार नाही. दोघं बोडके झालो तर तिला राखणार कोण?”

पेढीच्या दारासमोर, भर दुपारी, सगळ्या रांगेदेखत खुशाबाने आपले काटे उपटले. घाई केली तर कातडे फाटे, सावकाश केले तर धीर सुटे. रांगेतले प्राणी आधी बघत होते, मग बघेनासे झाले. ठकी आईच्या पोटाला टेकून शेवटपर्यंत बघत राहिली. खाली पडलेला प्रत्येक काटा पेढीच्या मुंग्या लगबगीने ओढून आत नेत होत्या. एकही त्यांनी तुडवला नाही. संपल्यावर त्याची पाठ उघडी, लाल आणि इतकी लहान दिसली की यमूने मान फिरवली. तिला रडू आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

घोरपडीने पाठीवर नख फिरवून पाहिले. “आता ठीक,” ती म्हणाली. मैना म्हणाली, “बघितलंत दादा? थोडा धीर धरला की सगळं होतं.” आणि नवी राहुटी मिळाली. बाळोबा तेव्हा रांगेत नव्हता. तो कुठे गेला, हे विचारायला कोणी थांबले नाही, खुशाबाही नाही.

तिघे लगोलग पठारावर चढले. पहिल्या मुक्कामाला धुके उतरत होते आणि वारा वाढत होता. खुशाबाने वळकटी सोडली. या राहुटीला आतून लोकरीचे दाट अस्तर होते. ठकी त्यात शिरताच तिचे दात वाजायचे थांबले आणि खुशाबाला वाटले, गेले ते गेले, पण पोर वाचली. यमूने अस्तराला नाक लावले.

“मेंढ्याचा वास येतोय,” ती म्हणाली.

खुशाबा खुंट्या काढत होता. जुन्या राहुटीच्या खुंट्या लाकडी होत्या. या तशा नव्हत्या. या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, गुळगुळीत आणि टोकाला अणकुचीदार होत्या. काही ताज्या होत्या. काही जुन्या, पिवळट पडलेल्या, त्याच्या कधी न पाहिलेल्या भाऊबंदांच्या. त्याने एक बराच वेळ हातात धरून ठेवली. मग कातळाच्या फटीत ठोकली. ती अशी चपखल बसली की त्याला कौतुक वाटले, आणि कौतुक वाटल्याची लाज वाटली. सगळ्या ठोकून होईपर्यंत तो यमूकडे बघू शकला नाही. धुक्यात लांडग्यांची हालचाल दिसू लागली होती. यमू दाराबाहेर गेली, पाठ धुक्याकडे केली आणि काटे उभारून बसली.

खुशाबा आत ठकीजवळ आडवा झाला. पाठीला अस्तर लागले की आग होई, म्हणून तो पोटावर पडला होता. ठकी अंगावरची ऊब चाचपत होती. त्याला नुकती डुलकी लागत होती, तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि डोक्यावर, ओळखीच्या जागी, ओळखीचा आवाज झाला. शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. गार हवा आत कोसळली.

खुशाबा धडपडून उठला. उघड्या फटीतून धुके आत येत होते. त्याने वर पाहिले, मग सवयीने, स्वतःशीच बोलावे तसे, त्याच्या तोंडून निघून गेले, “कशानं फाटलं हे?”

ठकी दचकली. ती अस्तरातून बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली. मान वळवून तिने आपल्या पाठीवरचा एक काटा दातांत धरला आणि ओढला. तो लवकर निघेना. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने सोडला नाही. निघाला तेव्हा तिने तो बापाच्या पुढ्यात ठेवला.

“बाबा, मी नाही फाडली.”

काटा इतका मऊ होता की कातळावर ठेवताच तो वाकून वाऱ्याने बाजूला गेला. ठकीने तो पुन्हा उचलला आणि बापाला नीट दिसेल असा, त्याच्या पायाशी सरकवला.