यंत्राची डावी चळत

एकदा एक आवाज माझ्या कानावर पडला. त्याला पुष्कळ वर्षे झाली, पण डोळे मिटून बसलो की तो अजून ऐकू येतो. देवळाच्या शिखरावरचे सगळे पारवे एकदम उडावेत आणि ते उडणे संपूच नये, तसा तो होता. आमच्या सॉर्टिंग ऑफिसात पत्रे निवडणारे यंत्र त्या सकाळी पहिल्यांदा चालू झाले होते. मी तेव्हा तिथे थैल्यांची तोंडे बांधण्याचे काम करीत असे.

यंत्र दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेले होते. एका टोकाला पत्रांचा ढीग ठेवायचा. रबरी पट्टे एकेक पत्र उभे करून उचलत आणि ते पत्र काचेच्या एका डोळ्यासमोरून जाई. जाई म्हणजे काय, दिसतही नसे. तेवढ्यात तो डोळा पत्ता वाची, पाकिटावर फिकट रेघा उमटत, आणि पुढे कुठेतरी एक लहानशी झडप हलून ते पत्र आपल्या गावाच्या खणात जाऊन उभे राही. आम्ही सगळे भिंतीला टेकून पाहत होतो. कोणी सांगितले नव्हते, पण झाडलोट करणाऱ्या गोदाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, आणि मग एकेकाने काढल्या.

थैल्या वाहणारा मारुती हळूच म्हणाला, याला चहा लागत नाही, तंबाखू लागत नाही, सासऱ्याच्या तेराव्याची रजाही लागत नाही. कोणीतरी त्याला म्हणाले, तुझा सासरा तर दर उन्हाळ्यात वारतो. थोडे हसू झाले आणि लगेच विरले. त्या आवाजापुढे हसावेसे वाटत नव्हते.

त्या दालनात नारबा नावाचे एक वृद्ध सॉर्टर होते. लाकडी खणांसमोर उभे राहून पत्रे निवडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि आता ते निवृत्त होणार होते. शिवलिंग हा त्यांचा शिष्य. गंडा बांधलेला शिष्य नव्हे. पण नोकरीला लागला त्या दिवसापासून तो नारबांच्या शेजारच्या खणांपुढे उभा राहिला. पत्रांची चळत हातात कशी धरायची, अंगठ्याने पत्र कसे सरकवायचे, नजर हाताच्या एक पत्र पुढे कशी ठेवायची, हे सगळे तो त्यांच्याकडून शिकला. पुढे तो त्यांच्याहूनही वेगाने पत्रे टाकू लागला. दुसऱ्या ऑफिसांतली माणसे मुद्दाम त्याचा हात पाहायला येत.

सॉर्टरांची एक जुनी रीत होती. पत्ता लागला नाही, तर ते पत्र आपल्या डाव्या कोपराशी ठेवायचे. काम उरकले की त्या डाव्या चळतीतले एकेक पत्र उजेडात धरायचे, पाठीमागचा शिक्का पाहायचा, शेजाऱ्याला विचारायचे, आणि मगच खणात टाकायचे. नारबांची डावी चळत नेहमी चांगली उंच असे. शिवलिंगची डावी बाजू मात्र मोकळी. त्याचा हात थांबतच नसे. कोणी नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले, तालुका नाही, पिनकोड नाही, तरी तो ते पत्र बाजाराच्या पिंपळगावच्या खणात भिरकावून देई, कारण बहुतेक पत्रे तिथलीच असत. आपल्या मुलखात पिंपळगावांना काय तोटा? पण हात थांबला की ताल तुटतो, असे त्याचे म्हणणे. नारबा कधी जाता जाता म्हणत, “शिवा, डावी बाजू फार स्वच्छ असते रे तुझी.” सगळ्यांना ती शाबासकी वाटे. शिवलिंगलाही वाटे.

यंत्र चालू झाले त्या दिवशी शिवलिंग संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोरून हलला नाही. एवढ्या वर्षांत त्याने जो हात कमावला होता, तो यंत्राने चहाचा कप रिकामा होण्याआधी मागे टाकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भर बाजारात आपल्याला कोणी ओळखले नाही म्हणजे माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

चार दिवसांनी साहेबांनी सर्वांना बोलावले. खण आता उचलले जातील आणि लोकांना खिडकीवर किंवा दुसऱ्या गावी जावे लागेल, असे त्यांनी सांगितले. यंत्राला जी पत्रे वाचता येत नाहीत, ती पाठीमागच्या टोकाला पत्र्याच्या एका ट्रेमध्ये पडतात. तिथे मात्र एक माणूस बसवायचा होता. तो कोण, ते नारबांनी सुचवावे, असे साहेब म्हणाले. नारबांनी शिवलिंगचे नाव घेतले.

शिवलिंग सगळ्यांच्या देखत म्हणाला, “यंत्राचं उष्टं काढायला मी बसायचं?”

त्याच दिवशी शिवलिंगने गावाकडच्या लहान पोस्टात बदलीसाठी अर्ज लिहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. खंडेनवमीची पूजा झाली की साहेबांच्या हातात देणार, असे तो ज्याला त्याला सांगत होता. तिकडे गेला असता तर तिकिटे फाडून देण्यात त्याची ती नजर आणि तो हात संपले असते. हे आम्हाला दिसत होते. नारबांना आमच्याहून जास्त दिसत असावे, कारण त्या दिवसांत ते जेवणाचा डबा अर्धा परत नेत.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होत असे. आमची हत्यारे ती काय? शिक्के, सुतळी कापायच्या कात्र्या, लाखेचे भांडे, आणि लाकडी खण. त्या वर्षी प्रथमच यंत्र पूजेला आले. ते बंद करून पुसून ठेवले होते. गोदाबाईंनी त्याच्यापुढे रांगोळी काढली. झेंडूचा मोठा हार झाला होता आणि सर्वांत वडील म्हणून तो नारबांनी घालायचा, असे ठरले. शिवलिंग दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

नारबांनी हार हातात घेतला. यंत्राच्या तोंडाशी, जिथे पत्रांचा ढीग ठेवतात, तिथे हार अडकवण्यासाठी खिळाही लावून ठेवला होता. नारबा त्या खिळ्यापाशी थांबले नाहीत. काचेच्या डोळ्यापाशीही थांबले नाहीत. यंत्राच्या कडेकडेने चालत ते पार पाठीमागच्या टोकाला गेले. तिथे, उजेडही धड पोचत नाही अशा जागी, तो पत्र्याचा ट्रे होता. आदल्या दिवशी न वाचता आलेली पाकिटे त्यात तशीच पडली होती. नारबा त्या ट्रेपुढे वाकले, त्याच्या कडेला त्यांनी हार घातला आणि कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले.

मारुती म्हणाला, नारबा, तोंड तिकडे आहे, हे शेपूट आहे. साहेब ओशाळून हसले. म्हाताऱ्याची नजर गेली, असे कोणी कुजबुजले. मग नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि एकेक जण चहाला बाहेर गेला. हाराचा उरलेला दोरा गुंडाळत मी मागेच राहिलो.

शिवलिंग लगबगीने नारबांपाशी आला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. “बरं केलंत नारबा. त्याला जमत नाही तेच सगळ्यांपुढे मांडलंत. चुकांनाच हार घातलात त्याच्या.”

नारबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. मग ट्रेच्या पत्र्यावरून, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला आणि बोलू लागले. ते फार सावकाश बोलत.

“शिवा, याच्या वेगाचं मला नवल वाटलं. पण वेगाला मी हात जोडले नसते. काल मी दिवसभर इथं मागं उभा होतो. इतकं धावणारं हे यंत्र, एका पाकिटापाशी त्याला अक्षर लागलं नाही. त्यानं ते गुपचूप बाजूला ठेवलं. अंदाज केला नाही. कोण बघतंय, कोण हसेल, हे पाहिलं नाही. आणि पुन्हा तसंच धावू लागलं. माझ्या अंगावर काटा आला. मला हे कळत नाही, एवढं म्हणायला माणसाला जन्म पुरत नाही रे, आणि लोखंडाला ते कोणी शिकवलं असेल? ज्यानं शिकवलं त्याला मी नमस्कार केला. ही त्याची डावी चळत आहे.”

शिवलिंगच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. नारबांनी आवाज अजून खाली घेतला.

“आपण भिरकावलेलं पत्र भलत्या गावी जातं. तिथून फिरत राहतं. ज्याचं असतं तो दाराशी बसून वाट पाहतो, आणि मग आपली माणसं आपल्याला विसरली असं धरून चालतो. ते दार आपल्याला कधी दिसत नाही, म्हणून आपला ताल तुटत नाही. हे उष्टं नव्हे, शिवा. एवढी मोठी शक्ती थांबून माणसाला विचारते आहे, ‘हे तू सांगशील का?’ ज्याला विचारायचं, तो तरी थांबणारा हवा. मी तुझं नाव दिलं, कारण तुझी नजर माझ्याहून चांगली आहे. थांबणं तेवढं राहिलं आहे.”

एवढे बोलून त्यांनी ट्रेमधले वरचे पाकीट उचलले आणि शिवलिंगच्या हातात दिले.

पाकिटावर एका बाईचे नाव होते. खाली ‘शाळेजवळ, पिंपळगाव’, आणि एवढेच. कोणीतरी फार जपून, अक्षराला अक्षर लावून लिहिले होते; लिहिणाऱ्याला जगात पिंपळगाव एकच असणार. शिवलिंगचा हात सवयीने पाकीट भिरकावायला उजवीकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्या थांबलेल्या हाताकडे तो स्वतःच पाहत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग त्याने पाकीट पालथे केले आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. शिक्का पुसट होता. डोळे बारीक करून त्याने पाकीट असे फिरवले, तसे फिरवले. बाहेरून चहा पिणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. त्याला कोणीतरी हाकही मारली. ती त्याने ऐकली नाही.

शेवटी भिंतीजवळची खुर्ची ओढून तो ट्रेपाशी बसला. झेंडूची दोन फुले गळून ट्रेशेजारच्या टेबलावर पडली होती, ती त्याने बाजूला सारली, आणि ते पाकीट आपल्या डाव्या कोपराशी ठेवले. मग ट्रेमधले दुसरे उचलले.

अर्जाचे टोक अजून त्याच्या खिशातून बाहेर दिसत होते. त्याचे काय करणार, हे नारबांनी विचारले नाही. त्यांनी कोपऱ्यातली आपली छत्री घेतली. रोज निघताना “येतो रे शिवा” म्हणण्याची त्यांची सवय होती. त्या दिवशी ते दाराशी जरा थांबले, त्या डाव्या कोपराजवळच्या एकुलत्या पाकिटाकडे त्यांनी वळून पाहिले, आणि काही न बोलता निघून गेले.