तांब्याच्या घागरी

एका राज्यात दरबाराच्या मधोमध काचेचा हौद होता, आणि त्या हौदात राजाची लेक पोहत होती. हौदातला कुठला मासा आपली लेक, हे मात्र राजाला ठाऊक नव्हतं.

हे ओढवून घेतलं पद्मसेन राजानं स्वतःच. दरबाराला शोभा यावी म्हणून त्यानं रानातल्या तळ्यातले रुपेरी मासे जाळी टाकून आणवले. तळं होतं मायाधर नावाच्या जादूगाराचं. म्हातारा अनवाणी आला, हात जोडून म्हणाला, "महाराज, माझे मासे परत द्या."

राजा हसला. "सगळे एकसारखे! यातला तुझा कुठला, ते आम्ही कसं ओळखावं?"

अहो, कुठे हसायचं, याला काही धरबंध? म्हाताऱ्यानं जोडलेले हात सोडले. "मग तुझी लेकही यांच्यात जाईल. तुझी कुठली ते तू ओळख. हौदातला एकेक मासा ज्या दिवशी ओळखशील, त्या दिवशी सगळ्यांना घेऊन तळ्यावर ये."

म्हातारा गेला. सिंहासनाच्या पायरीवर सागरगोटे खेळणारी इंदुलेखा दिसेनाशी झाली आणि हौदात एक मासा वाढला.

मग राजानं काय सेवा मांडली म्हणता! हौद रोज उपसायचा, राखेनं लख्ख घासायचा आणि तांब्याच्या घागरींत ठेवलेलं गार पाणी तुडुंब भरायचं. देवाला तांब्याचं पाणी लागतं, मग लेकीला कमी का? शिवाय दरबारात येणाऱ्या प्रत्येकानं मुजरा करून हौदात मूठभर बुंदी टाकायची, हा राजकन्येचा मान. मानकरी काही थोडे नव्हते. बुंदी तळाशी कुजायची.

मासे मरू लागले. मेलेला मासा ओंजळीत घेताना राजाच्या मनात यायचं, हीच असली तर? म्हणून प्रत्येकाला चंदनाची चिता आणि राजाच्या हातचा अग्नी. रडून डोळे सुजवून राजा वाड्यात यायचा, आणि आणखी घागरी ओता म्हणायचा. वेड्या मायेला कोण आवरणार!

एकदा चितेपाशी बगळा येऊन बसला. म्हणाला, "राजा, मी मासे खाऊन जगतो. पण तुझ्याइतके मी जन्मात मारले नाहीत."

एरवी राजानं त्याची मान पिरगाळली असती. त्या दिवशी त्यानं हात जोडले. "पक्षिराज, माझं काय चुकतं?"

"तीन कामं आहेत. पहिलं पाण्याचं. तांबं तुला पवित्र, त्यांना विष. रांजणात पाणी शिळं होऊ दे. हौदातलं थोडंच काढ, तेवढंच घाल. तळ्यातले शेवाळलेले दगड आणून ठेव आणि पुन्हा कधी घासू नकोस."

राजा स्वतः गुडघाभर चिखलात उतरला, दगड घेऊन आला. "दुसरं?"

"बुंदी बंद. डोळ्यांदेखत संपेल तेवढंच दाणापाणी."

मानकरी फुरंगटले. राजानं बघितलंसुद्धा नाही. "तिसरं?"

"आता हौदापाशी बस. काही करू नकोस. नुसता बघ."

हेच सगळ्यांत अवघड होतं हो. हात सारखे शिवशिवायचे. पण राजा बसला. बसता बसता दिसू लागलं. एक कायम दगडाच्या सावलीला. एक खादाड. एक काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडणारा. एक धापा टाकत वर यायचा, त्याला राजानं मातीच्या कुंडीत वेगळं ठेवून बरं केलं. आणि एकीच्या कल्ल्यापाशी बारीकसा तीळ होता, इंदुलेखेच्या गालावर होता तस्सा.

लेक ओळखली, तरी राजा उठला नाही. बाकीचेही एकेक करून चेहऱ्यानं कळेपर्यंत तो बसून राहिला. तेव्हाच त्याच्या मनात आलं की जाळले तेही असेच एकेक वेगळे असणार, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा आपल्याला आठवत नाही.

रांजणांत मासे घेऊन राजा अनवाणी तळ्यावर गेला आणि एकेकाला पाण्यात सोडलं. शेवटची सोडली तीळवाली. पाणी उसळलं आणि इंदुलेखा ओलीचिंब काठावर आली. राजानं तिला उराशी धरलं.

मायाधर तिथंच उभा होता. तो नाव घेऊन हाका मारू लागला. "चांदणे!" एक मासा वर आला. "रुपल्या!" दुसरा आला. "थोरल्या!" पाणी हललं नाही. "थोरल्या रे!" पुढच्या कितीतरी नावांना तळं गप्पच राहिलं.

इंदुलेखा हळूच म्हणाली, "बाबा, तांब्याचं पाणी आलं की थोरला मला पोटाशी घ्यायचा. तोच पहिला गेला."

पहिल्या चितेपाशी आपण लेक समजून ऊर फुटेस्तोवर रडलो होतो, हे राजाला आठवलं. तो म्हाताऱ्याच्या पायांवर पडला. "क्षमा मागायला तोंड नाही. ती नावं तेवढी मला शिकवा."

म्हाताऱ्यानं एकेक करून ती शिकवली.

शाप सरला, दरबारातला हौद फोडला, राज्याची घडी पुन्हा बसली. इंदुलेखा मोठी झाली, सुखानं नांदली. पद्मसेन मात्र रोज तळ्यावर जायचा आणि जे येणार नव्हते, त्यांची नावं घेऊन हाका मारायचा.